सनरूफ नंतर बघा, आधी इंजिन ठरवा

एसटीच्या आगारात मेकॅनिक म्हणून माझी हयात गेली. लेलँड आणि टाटाची डिझेल इंजिनं उघडायची, बांधायची, घाटात बंद पडलेल्या गाडीकडे रात्री-अपरात्री जायचं. आता देवरुखात घरी असतो, पण लोक स्वस्थ बसू देत नाहीत. आंब्याचे पैसे हातात आले की गणपतीला नवी गाडी दारात उभी राहायला हवी म्हणून एकेक जण पडवीत येऊन टेकतो. मोबाइलमध्ये शोरूमचे फोटो, आणि प्रश्न ठरलेला : "काका, नेक्सॉन घेऊ की ब्रेझा? का सरळ क्रेटाच घेऊ?"

मी गाडीचं नाव ऐकतच नाही. आधी दोन गोष्टी विचारतो. रोजचा फेरा किती लांबचा? आणि वर्षातला सगळ्यात वाईट चढ कुठला, तो चढताना गाडीत माणसं किती? यांची उत्तरं खरी आली तर इंजिन निम्मं ठरलंच. तुम्हीही वही घ्या आणि लिहून काढा. "महिन्याला हजारभर किलोमीटर होत असतील" असं मोघम नको. शाळा, बाजार, ऑफिस, सासुरवाडी, कोल्हापूरचा डॉक्टर, सगळं वेगवेगळं लिहा. महिन्याची बेरीज एकीकडे आणि एका वेळचा फेरा केवढा ते दुसरीकडे. लोक बेरजेकडे बघतात. माझ्या मते फेऱ्याची लांबी जास्त महत्त्वाची. का, ते डिझेलपासून सांगतो.

माझं पोट डिझेलने भरलं, तरी पडवीत येणाऱ्या दहापैकी सात-आठ जणांना मी डिझेल घेऊ नका असंच सांगतो. पूर्वी असं नव्हतं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा धुराबाबतचा कडक नियम आला आणि डिझेल गाडीचा स्वभावच बदलला. मारुतीने तर तेव्हापासून डिझेल गाड्या विकणंच बंद केलं. आताच्या डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ म्हणतात त्याला. काजळी साठली की गाडी स्वतःच जास्तीचं डिझेल सोडून तो फिल्टर तापवते आणि काजळी जाळून टाकते. हे व्हायला गाडी चांगली तापलेली हवी आणि पंधरा-वीस मिनिटं एका लयीत पळायला हवी. म्हणजे हातखंब्यापासून लांज्यापर्यंत सलग रस्ता मिळाला तर फिल्टर आपोआप साफ होतो. पण वाडीतून निघालात, दोन किलोमीटरवर पोरांना शाळेत सोडलं, भाजी घेतली आणि घरी परत, तर इंजिन धड तापतच नाही. जाळण्याचं काम सुरू होतं, तुम्ही चावी बंद करता, काम अर्धवट. असं रोज चाललं की डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. तरीही दुर्लक्ष केलं तर गाडी ताकद कमी करून टाकते आणि मग वर्कशॉपची पायरी चढावी लागते.

अशा गाडीची ऑइलची पट्टी काढून बघा एकदा. पातळी वरच्या खुणेच्याही वर गेलेली असते. ऑइल कमी झालं तर माणूस घाबरतो, वाढलं तर म्हणतो बरंच आहे की! बरं काही नसतं. फिल्टर तापवायला सोडलेलं डिझेल न जळता खाली ऑइलमध्ये उतरलेलं असतं. पट्टीला बोट लावून वास घ्या, डिझेलचा येतो. बोटांत चोळा, ऑइल पाण्यासारखं पातळ लागतं. त्या पातळ ऑइलवर इंजिनाची बेअरिंगं आणि टर्बो (इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा) दोन्ही चालवायचे म्हणजे आपणच आपल्या गाडीच्या मुळावर उठायचं.

आता पैशाचा हिशेब. हिशेबापुरते पेट्रोल १०५ रुपये आणि डिझेल ९२ रुपये धरा, तुमच्या पंपावरचा त्या दिवसाचा भाव घाला. आपल्या रस्त्यांवर टर्बो पेट्रोल गाडी लिटरला १३ देते असं धरू, डिझेल १८. पेट्रोलला किलोमीटरमागे ८ रुपयांच्या वर, डिझेलला ५ रुपये १० पैसे. फरक तीन रुपयांचा. डिझेल गाडी मुळातच सव्वा-दीड लाखाने महाग, त्यात आपल्या राज्यात आरटीओचा कर पेट्रोलपेक्षा दोन टक्क्यांनी जास्त. दीड लाख भागिले तीन म्हणजे ५०,००० किलोमीटर. महिन्याला ५०० किलोमीटर चालणाऱ्याचे पैसे सुटायला आठ वर्षं लागतील. महिन्याला २००० चालणाऱ्याचे दोन वर्षांत सुटतील. लांज्याचा माझा मावसभाऊ हापूसच्या पेट्या घेऊन सीझनभर पुणे-कोल्हापूर करतो, बाकीच्या दिवसांत मुलीकडे ठाण्याला जातो. त्याला मी डोळे झाकून डिझेल घ्यायला लावलं. त्याचा फेराही लांब आणि बेरीजही मोठी. आणि दहा वर्षांनी डिझेल गाडी भंगारात जाते असं कुणी सांगितलं तर घाबरू नका, तो नियम दिल्लीकडचा. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे तपासणी करून वाढवून मिळते.

पेट्रोल म्हटलं की दोन वाटा फुटतात : साधं आणि टर्बो. इथे जरा थांबू, कारण कोकणात खरी फसगत इथेच होते.

माहितीपत्रकात पीएसचा, म्हणजे इंजिनाच्या कमाल ताकदीचा, आकडा मोठ्या अक्षरात असतो. तो सोडा. त्याच्या शेजारी टॉर्क, म्हणजे चाकं फिरवायचा जोर, लिहिलेला असतो, न्यूटन-मीटरमध्ये, आणि त्याच्यापुढे बारीक अक्षरात आरपीएम, म्हणजे तो जोर मिळतो तेव्हा इंजिनाचे मिनिटाला फेरे किती. वाचायची गोष्ट ती. ब्रेझाचं दीड लिटरचं साधं पेट्रोल इंजिन साधारण १३७ न्यूटन-मीटर देतं, पण ४४०० आरपीएमला. नेक्सॉनचं १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल १७० देतं आणि ते १७५० पासूनच. व्हेन्यूचं एक लिटरचं टर्बो १७२ देतं, १५०० पासून. क्रेटाचं दीड लिटरचं डिझेल २५०, तेही १५०० पासून. याचा अर्थ असा की साध्या इंजिनाची पूर्ण ताकद काढायला ते ओरडेपर्यंत पळवावं लागतं. टर्बो आणि डिझेल तीच ताकद पाय अर्धा दाबला तरी देतात.

आपल्या घाटांची उंची इंजिनाचा दम काढण्याएवढी नाही. दम काढतो तो चढ आणि वजन. अकराशे-बाराशे किलोची गाडी, त्यात पाच माणसं, डिकीत बॅगा, मखराचं सामान, आजीच्या पायाशी नारळाचं पोतं. चारशे किलो कुठेच गेले नाहीत. वर ए.सी. साखरप्याहून आंबा घाटाला लागलात, पुढे उसाचा नाहीतर चिऱ्याचा ट्रक पहिल्या गिअरमध्ये रखडतोय आणि तुम्हाला पन्नास-साठ मीटरच्या मोकळ्या तुकड्यात त्याला मागे टाकायचंय. १.२ लिटरच्या साध्या पेट्रोल इंजिनाचं तिथे पितळ उघडं पडतं. ते चढणार नाही असं नाही, चढेल. पण ट्रकच्या मागे मागे.

टर्बोचीही एक खोड आहे, ती शोरूममध्ये कुणी सांगत नाही. १५०० आरपीएमच्या खाली ते इंजिन म्हणजे फक्त एक लिटरचं तीन सिलिंडरचं छोटं यंत्र. घाटातल्या हेअरपिनला तुम्ही दुसऱ्या गिअरमध्ये वळता, वेग पडतो, काटा बाराशेवर येतो. अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी एक क्षण काहीच होत नाही, मग एकदम धक्का बसून गाडी उसळते. मागे बसलेल्या पोराला तिथेच उलटी होते. उपाय सोपा आहे, वळणाच्या आधीच पहिला गिअर टाकायचा. पण ही सवय नसलेल्या नवशिक्याला साधं इंजिन बरं वाटतं, कारण ते पायाच्या दाबाप्रमाणे सरळ वागतं. आमच्या गल्लीत शिक्षक नवरा-बायको आहेत, दोघंही गाडी नव्याने शिकलेले, रोज गावातल्या गावात, वर्षातून कधीतरी घाट. त्यांना मी साधं दीड लिटर पेट्रोल सांगितलं. सव्वा लिटरच्या आतलं नाही, दीड लिटर.

किमतीतली एक मेख लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतली गाडी असेल, आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या किंवा डिझेल १५०० सीसीच्या आत असेल, तर जीएसटी १८ टक्के, नाहीतर ४० टक्के. लहान टर्बो इंजिनांचं पेव फुटलं त्यामागे हा सीसीचा हिशेब आहे. ब्रेझा चार मीटरच्या आत असूनही तिचं इंजिन १४६२ सीसीचं, म्हणून ती ४० मध्ये जाते. पण टक्केवारी ऐकून हुरळू नका की बिचकू नका. शेवटचा ऑन-रोड आकडा कागदावर मागा आणि तोच दुसऱ्या गाडीच्या ऑन-रोड आकड्याशी लावून बघा.

टेस्ट ड्राइव्ह. शोरूमचा पोरगा तुम्हाला सपाट हायवेवर नेणार, गाणी लावणार, स्क्रीन दाखवणार. तुम्ही चढ मागा. माझी पुतणी चिपळुणात असते, तिच्यासाठी गाडी बघायला गेलो तेव्हा मी घरची सगळी माणसं बरोबर घेतली. पोरगा म्हणाला, "काका, टेस्ट ड्राइव्हला दोघंच चालतात." मी म्हटलं, "गाडी घेतल्यावर तू येणार आहेस का उरलेल्यांना पोचवायला?" बसला बिचारा कोपऱ्यात.

परशुराम घाटाच्या बाजूला आत एका वाडीचा उभा चढ आहे, तिथे नेली. ए.सी. पूर्ण. चढाच्या मधोमध गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला आणि पुतणीला म्हटलं, आता पहिल्यात उचल. साध्या पेट्रोल गाडीत तिला अडीच हजारापर्यंत आरपीएम न्यावे लागले, मग क्लच सोडल्यावर गाडी हलली. क्लचचा जळका वास खिडकी बंद असूनही आत आला. मग त्याच चढावर टर्बो. अठराशेवर उचलली गेली, वास नाही. पण तिथेच दुसऱ्यात टाकल्यावर मान टाकली, परत पहिल्यात यावं लागलं. पुतणीचा नवरा म्हणाला, "दोन्हीत खोट आहेच की." आहेच. खोट कुठली चालेल ते तुम्ही ठरवायचं. त्यांचं घर त्या असल्याच चढाच्या टोकाला, रोज दोनदा तो चढायचा, पण महिन्याची बेरीज जेमतेम सातशे. मी टर्बो पेट्रोल सांगितलं, गिअर हाताचे. पटलं त्यांना.

टेस्ट ड्राइव्हला कानही उघडे ठेवा. रेडिओ बंद करा. गाडी जागेवर चालू असताना सीटखाली, स्टिअरिंगला थरथर किती लागते ते बघा. तीन सिलिंडरला चारपेक्षा थोडी जास्त असणारच, ती दोष नाही. पण तुमच्या घरच्या म्हाताऱ्या माणसाला ती चालणार का, हे त्यालाच बसवून विचारा. आणि उतारही बघा. घाट उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला तर गाडी स्वतःला किती धरून ठेवते? मोठं इंजिन चांगलं धरतं. एक लिटरचं इंजिन तेवढं धरत नाही, ब्रेकवर जास्त भार येतो.

ऑटोमॅटिक हवं असेल तर इंजिनाबरोबर गिअरबॉक्सही निवडताय हे विसरू नका. चारही प्रकारांना लोक सरसकट "ऑटोमॅटिक" म्हणतात, पण वागणूक वेगळी. एएमटी म्हणजे आपलाच साधा गिअरबॉक्स, फक्त क्लच यंत्र दाबतं. स्वस्त आणि दुरुस्तीला सोपा, पण चढावर गिअर बदलताना क्षणभर श्वास रोखतो. घाटात तो मॅन्युअलवर टाकून चालवायचा. सीव्हीटीत ठरावीक गिअर नसतात, पट्ट्यावर चालतो, म्हणून गुळगुळीत, चढावर मात्र इंजिन एकाच सुरात ओरडत राहतं. डीसीटी म्हणजे दोन क्लचचा, चालवायला सगळ्यात मजेशीर, पण त्यातले कोरड्या क्लचवाले गणपतीच्या गर्दीत, चढावर, इंच-इंच सरकताना तापतात. टॉर्क कन्व्हर्टर क्लचऐवजी तेलातून जोर पोचवतो, थोडं पेट्रोल जास्त पितो आणि शांतपणे काम करतो. माझा कल त्याच्याकडे. कुठलाही घ्या, चढावर गाडी अ‍ॅक्सिलरेटरवर तोलून धरायची नाही. ब्रेक कशाला दिलाय?

सीएनजीचं सांगतो, कारण हल्ली अर्धे लोक तेच विचारत येतात. खर्च कमी, आरटीओचा करही पेट्रोलपेक्षा कमी, हे खरं. पण तेच इंजिन गॅसवर कमी जोर देतं. मारुतीचं दीड लिटरचं इंजिन पेट्रोलवर १०३ पीएस आणि गॅसवर ८८. भरल्या गाडीने घाट चढताना बटण दाबून पेट्रोलवर यावं लागतं, त्यात गैर काही नाही, सोयच आहे. डिकी बघून घ्या. जुन्या पद्धतीच्या एका मोठ्या टाकीने डिकी संपते, टाटा आणि ह्युंदाईच्या दोन लहान टाक्यांच्या गाड्यांत बॅगांना जागा उरते. नेक्सॉनमध्ये तर टर्बो इंजिनावरच सीएनजी आहे. टाकीची तपासणी दर तीन वर्षांनी करावी लागते. मुख्य प्रश्न पंपाचा. हायवेला लागून राहत असाल तर ठीक, पण गुहागर, मंडणगड, देवगडच्या आतल्या गावातून गॅससाठी वीस-पंचवीस किलोमीटर जायचं, रांगेत उभं राहायचं आणि परत यायचं, तर वाचलेले पैसे रस्त्यावरच सांडतात. तुमच्या रोजच्या वाटेवर पंप असेल तरच घ्या.

हायब्रिड म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला बॅटरीवरची मोटर, जसं ग्रँड व्हिटारा, हायरायडर. कागदावर लिटरला २७.९७. गावात, ट्रॅफिकमध्ये बॅटरीवर सरकतात, तिथे खरंच कमी पितात. लांब चढावर लहान बॅटरी लवकर रिकामी होते आणि इंजिनालाच राबावं लागतं. उतारावर परत भरते, भरली की गिअर 'बी'वर टाकून उतरायचं म्हणजे इंजिन धरून ठेवतं. बॅटरीमुळे डिकी आक्रसते. रोजचं चालणं भरपूर आणि तेही थांबत-थांबत असेल, तर डिझेलपेक्षा हे बरं.

इलेक्ट्रिकला इंजिनच नाही, त्यामुळे थोडक्यात. स्वतःचं घर, स्वतःचं अंगण, महावितरणकडून भार वाढवून घेता येत असेल तर रोजच्या फेऱ्याला यासारखं दुसरं काही नाही. चढाला तर विचारूच नका, पहिल्या क्षणापासून ओढ. पण ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. घरात ती एकच गाडी असणार असेल तर हे ध्यानात ठेवून ठरवा. दुसरी गाडी म्हणून असेल तर बेलाशक घ्या.

आता पाणी आणि मीठ, हे पुण्या-मुंबईच्या सल्ल्यांत सापडणार नाही. हर्णै, जयगड, मालवणसारख्या खाऱ्या वाऱ्यात गाडी उभी राहत असेल तर पुढचे रेडिएटर आणि टर्बोगाडीतला इंटरकूलर (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारी जाळी) यांच्या पातळ पत्र्या खाल्ल्या जातात. दाभोळ-धोपावे किंवा वेश्वी-बागमांडले फेरीबोटीतून नेहमी जाणाऱ्यांनी तर गाडी पुढून गोड्या पाण्याने धुवायचीच, पण कमी दाबाने. जोराच्या फवाऱ्याने पत्र्या मुडपतात. साध्या पेट्रोल गाडीत इंटरकूलर नसतो, एक दुखणं कमी.

बॉनेट उघडून हवा आत घेणारी नळी कुठून निघते ते बघून ठेवा. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा बुडालेल्या गाडीला लोक चावी फिरवून सुरू करायला गेले. पाणी दाबलं जात नाही, सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. बुडालेली गाडी सुरू करायची नाही, टो करून न्यायची. हे पेट्रोललाही लागू आणि डिझेललाही. नळीचं तोंड जितकं उंच तितकं बरं, आणि विम्यात इंजिनाचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं, ते घ्या.

चाकरमान्यांसाठी एक. गाडी गावी ठेवून मुंबईला जाणार असाल तर लक्षात ठेवा, आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं आणि कोकणात ओलीला तोटा नाही. अर्धी टाकी ठेवून पावसाळाभर गाडी उभी केली तर त्या मोकळ्या जागेतली दमट हवा टाकीत बसते. टाकी भरून ठेवा आणि शेजाऱ्याला पंधरा दिवसांतून एकदा गाडी हायवेपर्यंत फिरवून आणायला सांगा. नुसती जागेवर सुरू करून पाच मिनिटांत बंद करू नका, त्याने सायलेन्सरमध्ये पाणी साठतं. एप्रिल २०२३ च्या आधीची जुनी गाडी घेत असाल तर हे पेट्रोल तिला चालतं का ते मॅन्युअलमध्ये बघा. आणि वर्षातून आठ महिने उभी राहणारी गाडी डिझेल नको, काही केल्या नको.

इंजिन ठरलं की पैसे भरण्याआधी शोरूममधून त्या इंजिनाचा पाच वर्षांचा सर्व्हिसचा तक्ता मागून घ्या : ऑइल कुठल्या ग्रेडचं, किती लिटर, प्लग कधी, बेल्ट आहे की चेन, डिझेल असेल तर अ‍ॅडब्लू (धूर साफ करायला वेगळ्या टाकीत भरायचं द्रव) लागतं का. टर्बोला फुल सिंथेटिक ऑइल लागतं, ते महाग असतं. कमी चाललेली गाडी असली तरी ऑइल वर्षाला बदलायचं, किलोमीटर पुरे व्हायची वाट बघायची नाही. तक्ता द्यायला टाळाटाळ केली तर दुसऱ्या शोरूममध्ये जा. रत्नागिरी आणि चिपळूण दोन्हीकडे भरपूर आहेत.